लिहायचे ‘भक्त’, वाचायचे ‘भात’ : ओ-यू-जी-एच असलेले जुने इंग्रजी शब्द

इंग्रजी साहित्य शिकवणाऱ्या एका शिक्षिकेने तीन गोष्टी विचारल्या आहेत. जुन्या इंग्रजी निसर्गवर्णनांत ओ, यू, जी, एच ही चार अक्षरे लागोपाठ असलेले अनोळखी शब्द वारंवार येतात आणि कोशात पाहिले तर एकाचा उच्चार ‘सफ’, दुसऱ्याचा ‘हॉक’, तिसऱ्याचा ‘स्लाउ’ असा निघतो. यात काही नियम आहे का? यांपैकी कोणते शब्द माहीत असणे खरोखर उपयोगाचे आहे? आणि ‘पाइनच्या झाडांमधला वाऱ्याचा सफ’ अशा शब्दप्रयोगाला मराठीत काय म्हणावे? जुन्या इंग्रजी मजकुराचे मराठी अनुवाद मी तीस वर्षे करत आलो आहे आणि या चार अक्षरांनी मला जितके अडवले तितकेच शिकवलेही आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो. इंग्रजी शब्द येथे त्यांच्या उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत आणि गरज असेल तेथेच स्पेलिंगमधली अक्षरे सांगितली आहेत.

उच्चाराचा नियम शोधायला निघालात तर हाती काही लागणार नाही. ‘थ्रू’मध्ये ही चार अक्षरे ‘ऊ’ होतात, ‘दो’मध्ये ‘ओ’, ‘बाउ’मध्ये ‘आउ’, ‘कॉफ’मध्ये ‘ऑफ’, ‘रफ’मध्ये ‘अफ’, ‘थरा’मध्ये नुसता ओझरता ‘अ’, ‘थॉट’मध्ये ‘ऑ’, ‘हिकप’मध्ये ‘अप’, ‘हॉक’मध्ये ‘ऑक’ आणि आयर्लंडमधल्या ‘लॉख’मध्ये घशातून निघणारा ‘ऑख’. एकाच अक्षरक्रमाचे असे दहा उच्चार होतात. हे पाठ करून घेण्याचा प्रयत्न शाळांमधून पिढ्यान्‌पिढ्या होत आला आहे, पण पाठांतराने परिचित शब्द तेवढे सांभाळता येतात. अपरिचित शब्द समोर आला की विद्यार्थी पुन्हा अडखळतो. सुसूत्रता आहे, पण ती उच्चारात नसून इतिहासात आहे, आणि तो इतिहास मराठी माणसाला समजायला अवघड नाही, कारण आपल्या भाषेत हेच घडून गेलेले आहे.

संस्कृतातल्या ‘भक्त’ या शब्दाचा एक अर्थ शिजवलेले अन्न, विशेषतः शिजवलेला तांदूळ. प्राकृतात त्याचा ‘भत्त’ झाला आणि मराठीत ‘भात’. मधला ‘क्’ आधी पुढच्या ‘त’मध्ये मिसळला, मग जोडाक्षर सुटले आणि गेलेल्या व्यंजनाची भरपाई म्हणून मागचा ‘अ’ लांबून ‘आ’ झाला. ‘अष्ट’चे ‘आठ’ आणि ‘सप्त’चे ‘सात’ याच रीतीने झाले. इंग्रजीतही नेमके असेच झाले. संस्कृतातल्या ‘नक्त’ या शब्दाशी सख्खे नाते असलेला रात्रीचा शब्द जुन्या इंग्रजीत ‘निख्त’च्या जवळपास उच्चारला जाई, पुढे मधले घर्षण गळाले, मागचा स्वर लांबून ‘नीत’ झाला आणि शेवटी आजचा ‘नाइट’ झाला. फरक एवढाच की, आपण उच्चार बदलल्यावर लेखनही बदलले. इंग्रजांनी लेखन जुनेच ठेवले. ते ‘भक्त’ लिहितात आणि ‘भात’ वाचतात. जी-एच ही जोडी म्हणजे त्या गळालेल्या व्यंजनाची जागा आहे, आणि या अक्षरांचा उच्चार विचारण्याऐवजी येथे पूर्वी काय होते आणि ते कसे गेले, असे विचारले की बहुतेक शब्द आपापल्या जागी जाऊन बसतात.

तो हरवलेला ध्वनी कोणता, हेही आपल्याला परंपरेतून सांगता येते. ‘अंतःकरण’ हा शब्द सावकाश म्हणा आणि विसर्गापाशी किंचित थांबा. जिभेचे मूळ मागे टाळूकडे उचलले जाते आणि हवा तेथून घासत बाहेर पडते. ‘क’ आणि ‘ख’पूर्वी येणाऱ्या अशा विसर्गाला व्याकरणकारांनी जिह्वामूलीय हे नाव दिले. आता ‘अंतःपुर’ म्हणा. येथे ‘प’च्या तयारीत ओठ जवळ येतात आणि तीच हवा ओठांमधून फुंकरीसारखी निघते. हा उपध्मानीय. पाणिनीने अष्टाध्यायीच्या आठव्या अध्यायातल्या एका सूत्रात या दोहोंची एकत्र सोय लावली आहे. जुन्या इंग्रजीत जी-एचच्या जागी जो ध्वनी होता तो हा जिह्वामूलीय, आणि ‘रफ’, ‘टफ’, ‘कॉफ’ यांत आज जो ‘फ’ ऐकू येतो तो उपध्मानीयाच्या वाटेने तेथे पोचला आहे. कारण मात्र दोन्ही भाषांत वेगळे आहे. संस्कृतात विसर्ग पुढच्या व्यंजनाकडे झुकतो. इंग्रजीत मागचा ‘ऊ’सारखा गोल स्वर उच्चारताना ओठ आधीच गोल झालेले असत, त्यामुळे घशातले घर्षण ऐकणाऱ्याच्या कानाला ओठांवरचे वाटू लागले आणि नवी पिढी ते ओठांवरच उच्चारू लागली. म्हणूनच ‘नाइट’, ‘लाइट’, ‘साइट’ यांत, जेथे स्वर पुढचा आणि ओठ पसरट होते, तेथे ‘फ’ कधीच आला नाही. ठेंगू माणसासाठी असलेल्या ‘ड्वॉर्फ’ या शब्दातला शेवटचा ‘फ’ही याच रीतीने आला आहे, तेथे लेखनही बदलले, म्हणून आपल्या ते लक्षात येत नाही.

लेखनाचा भाग थोडक्यात सांगतो. नॉर्मन लोकांनी १०६६ मध्ये इंग्लंड जिंकल्यानंतर फ्रेंच वळणाच्या लेखनिकांनी दीर्घ ‘ऊ’साठी ओ-यू ही जोडी आणली आणि घशातल्या घर्षणासाठी हळूहळू जी-एच रूढ झाले. त्याआधी योख नावाचे एक वेगळेच अक्षर त्यासाठी वापरात होते, ते छापखान्यांच्या काळात लोपले. मधल्या शतकांत लेखन इतके सैल होते की ‘थ्रू’ हा एकच शब्द हस्तलिखितांत शेकडो प्रकारांनी लिहिलेला सापडतो. विल्यम कॅक्स्टनने १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टर येथे इंग्लंडमधला पहिला छापखाना सुरू केला. पुढच्या दोन शतकांत लेखन स्थिरावत गेले आणि त्याच काळात हा ध्वनी दक्षिण इंग्लंडमधून नाहीसा होत गेला. स्कॉटलंडमध्ये तो टिकला. तेथील बोलीत रात्र आजही ‘निख्त’ आणि मुलगी ‘दोख्तर’ आहे.

एकाच ध्वनीच्या दोन वाटा का झाल्या, हा खरा कुतूहलाचा प्रश्न आहे. ‘इनफ’मध्ये ‘फ’ का आणि ‘बाउ’मध्ये का नाही? याचे उत्तर आपल्या सामान्यरूपात आहे. आपण ‘भाऊ’ म्हणतो, पण प्रत्यय लागला की ‘भावाला’ म्हणतो. शब्दाच्या शेवटी ‘ऊ’ आणि मध्ये आल्यावर ‘व’. जुन्या इंग्रजीत झाडाच्या फांदीचा शब्द एकटा असताना घशातल्या घर्षणाने संपे, पण अनेकवचनाचा प्रत्यय लागला की ते घर्षण दोन स्वरांच्या मध्ये येऊन मऊ होई आणि ‘व’सारखे ऐकू येई. पुढे प्रत्यय झडले तेव्हा काही शब्दांत एकटे रूप टिकले, त्यांत ‘फ’ आला. काहींत सप्रत्यय रूप टिकले, त्यांत ‘आउ’ आला. ‘पुरेसे’ या अर्थाच्या शब्दाची तर दोन्ही रूपे बराच काळ नांदत होती, एकवचनी ‘इनफ’ आणि अनेकवचनी ‘इनाउ’. जुन्या काव्यात ‘इनाउ’ दिसला तर तो वेगळा शब्द समजू नये. कणकेच्या गोळ्याला ‘डो’ म्हणतात आणि सुकामेवा घालून उकडलेल्या एका गोड पदार्थाच्या नावात तोच शब्द उत्तरेकडच्या उच्चाराने ‘डफ’ होऊन बसला आहे.

आता प्रत्यक्ष शब्दांकडे येतो. एस, मग ही चार अक्षरे, असे स्पेलिंग असलेला ‘सफ’ आपल्या प्रश्नातच आहे. जोराने घुमणे, आवाज करत सुटणे अशा अर्थाच्या जुन्या क्रियापदापासून तो आला. उच्चार ‘सफ’ही होतो आणि ‘साउ’ही. पण याच स्पेलिंगचा दुसरा एक शब्द आहे, तो नेहमी ‘सफ’ असाच उच्चारला जातो, आणि त्याने मला अनुवादाच्या सुरुवातीच्या काळात चांगलेच फसवले. डर्बीशर परगण्यातल्या शिशाच्या खाणींवरचा एक जुना लेख मी मराठीत आणत होतो. त्यात हा शब्द आला, मला कवितेतला वारा आठवला आणि मी ‘खाणीत घुमणारा वारा’ असे लिहून मोकळा झालो. संपादकांनी पुढच्या वाक्यावर बोट ठेवले : त्याच्या खोदकामाला किती वर्षे लागली, हे तेथे सांगितले होते. डर्बीशरमध्ये खाणीतले पाणी उताराने नदीपर्यंत वाहून नेण्यासाठी डोंगराच्या पोटातून खोदलेल्या बोगद्याला सफ म्हणतात. मीरब्रुक सफ हा त्यांतला नावाजलेला. त्याच्या कमानीच्या दगडावर १७७२ हे साल कोरलेले आहे आणि त्यातून बाहेर पडणारे पाणी पुढे पिण्याच्या पाणीपुरवठ्यासाठी वापरात आले. तेव्हापासून ही चार अक्षरे असलेला कोणताही आखूड शब्द दिसला की, तो कोणत्या गावचा आणि कोणत्या धंद्यातला, हे पाहिल्याशिवाय मी पुढे जात नाही. आपल्यालाही हीच सवय लावून घेण्याची विनंती करीन, कारण या शब्दांत अर्थाची चूक उच्चाराच्या चुकीपेक्षा कितीतरी अधिक नुकसान करते.

‘क्लफ’ हा उत्तर इंग्लंडमधला शब्द. दोन्ही बाजूंनी तुटलेल्या कड्यांमधली अरुंद, उताराची दरी. मराठीत त्याला ‘घळ’ हा इतका नेमका शब्द आहे की अनुवादकाला दुसरा शोधावाच लागत नाही. मँचेस्टरजवळच्या किंडर स्काउट डोंगरावर सामान्य माणसाला फिरण्याचा हक्क मिळावा म्हणून २४ एप्रिल १९३२ रोजी शेकडो लोक बंदी मोडून चढले, ते विल्यम क्लफ नावाच्या घळीतूनच. आडनाव म्हणूनही हा शब्द आढळतो आणि त्याचाही उच्चार ‘क्लफ’ असाच आहे.

‘चफ’ हा कावळ्याच्या कुळातला पक्षी आहे, पण त्याला नुसते ‘कावळा’ म्हणणे चूक आहे, कारण त्याची बाकदार लाल चोच आणि लाल पाय हीच त्याची ओळख आहे. कॉर्नवॉलच्या मानचिन्हावर तो विराजमान आहे आणि आर्थर राजाचा आत्मा मृत्यूनंतर या पक्ष्यात गेला, अशी तेथली लोकश्रद्धा आहे. विसाव्या शतकात तो कॉर्नवॉलमधून नाहीसा झाला होता; २००१ मध्ये काही पक्षी आपण होऊन परत आले आणि पुढच्या वर्षी त्यांनी घरटे केले. लडाखला किंवा स्पितीला गेलेल्या आपल्या गिर्यारोहकांनी हाच पक्षी पाहिलेला असतो. अनुवादात मी ‘लाल चोचीचा डोंगरकावळा’ असे लिहितो आणि पुढे नुसते ‘डोंगरकावळा’ ठेवतो.

‘स्लाउ’ आणि ‘स्लफ’ यांचे स्पेलिंग एकच आहे, पण शब्द दोन आहेत आणि त्यांचे आपसांत काही नाते नाही. पहिला म्हणजे पाय रुतेल अशी दलदल. लंडनच्या पश्चिमेला सुमारे ३२ किलोमीटरवर याच नावाचे शहर आहे. तेथे भारतीयांची मोठी वस्ती आहे आणि संगणक क्षेत्रात काम करणारी मराठी कुटुंबेही राहतात, त्यामुळे हा एक उच्चार आता अनेक मराठी घरांत बिनचूक होतो. जॉन बन्यनच्या १६७८ मधल्या प्रसिद्ध रूपककथेतला यात्रेकरू सुरुवातीलाच निराशेच्या अशा दलदलीत फसतो. तेव्हापासून खोल नैराश्याला इंग्रजीत हा शब्द लावतात. ती कथा हरि केशवजी यांनी १८४१ मध्ये ‘यात्रिकक्रमण’ या नावाने मराठीत आणली, म्हणजे या शब्दाशी मराठी गद्याची गाठ जवळजवळ दोन शतकांपूर्वीच पडलेली आहे. दुसरा शब्द ‘स्लफ’ म्हणजे सापाची कात. क्रियापद म्हणून वापरला तर ‘कात टाकणे’. मराठी वाक्प्रचारात नवा उत्साह आणि नवे रूप अभिप्रेत असते. इंग्रजी क्रियापदात नको असलेले झटकून टाकण्यावर भर असतो. तेवढे भान ठेवावे.

एच, मग ही चार अक्षरे, असा ‘हॉक’ हा शब्द म्हणजे जनावराच्या मागच्या पायाचा मधला सांधा, आणि क्रियापद असेल तर त्या सांध्यामागची शीर तोडून जनावर कायमचे लंगडे करणे. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये यहोशवाला शत्रूच्या घोड्यांच्या बाबतीत हे करण्याची आज्ञा होते. जुन्या युद्धवर्णनांतही तो येतो. येथे घशातले घर्षण ‘फ’कडे न जाता ‘क’कडे वळले. आयर्लंडमधल्या सरोवरांच्या नावांत येणारा ‘लॉख’ मात्र वेगळा आहे. स्कॉटलंडमधल्या लॉखचे स्पेलिंग सी-एचने संपते आणि आयर्लंडमधल्याचे या चार अक्षरांनी, पण दोन्हीकडे जिह्वामूलीय जसाच्या तसा ऐकू येतो. ब्रिटिश बेटांतले सर्वांत मोठे सरोवर लॉख नेय हे उत्तर आयर्लंडमध्ये आहे. हरवलेला ध्वनी कसा होता, हे विद्यार्थ्यांना ऐकवायचे असेल तर या नावाचा स्थानिक उच्चार ऐकवावा.

या चार अक्षरांनंतर टी आला की उच्चार बहुधा ‘ऑट’ होतो. ‘ड्राउट’ म्हणजे अवर्षण हा अपवाद, कारण तेथे मूळ स्वर दीर्घ ‘ऊ’ होता. या ‘ऑट’वाल्या घराण्यावर मला अधिक रेंगाळायचे आहे, कारण जुने इंग्रजी वाचणाऱ्या मराठी माणसाला खरी मदत येथेच मिळते. ‘मिथॉट’ हा शब्द घ्या. विद्यार्थी त्याचे ‘मी विचार केला’ असे भाषांतर करतात, आणि ते चूक आहे. जुन्या इंग्रजीत विचार करण्याचे आणि वाटण्याचे अशी दोन वेगळी, पण उच्चाराने जवळची क्रियापदे होती. पुढे ती एकात मिसळली. ‘मिथॉट’मध्ये वाटण्याचे क्रियापद आहे आणि सुरुवातीचा ‘मी’ हा मराठी ‘मी’ नसून चतुर्थीतला ‘मला’ आहे. म्हणजे हा शब्द अक्षरशः ‘मला वाटले’. आजच्या इंग्रजीतून ही रचना गेली, मराठीत ती रोजच्या बोलण्यात आहे.

‘ऑट’ हा कर्तव्यवाचक शब्द तर आणखी जवळचा. ऋण असणे, देणे असणे या अर्थाच्या ‘ओ’ या क्रियापदाचे ते जुने भूतकाळी रूप आहे. देणे असणे आणि करणे भाग असणे यांचा संबंध इंग्रजीत आता कोणाला जाणवत नाही, पण मराठीत ‘मी त्याचे शंभर रुपये देणे लागतो’ आणि ‘मला जावे लागते’ या दोन्ही वाक्यांत एकच ‘लागणे’ उभे आहे. या शब्दाचे मूळ आणखी मागे नेले तर स्वामित्व दाखवणाऱ्या संस्कृत ‘ईश्’ धातूपर्यंत पोचते. ‘नॉट’, म्हणजे शून्य किंवा काहीही नाही, हा ‘न’ आणि ‘वस्तू, प्राणी’ या अर्थाचा ‘वाइट’ हा प्राचीन शब्द यांच्या जोडणीतून आला. नकारासाठी रोज वापरला जाणारा छोटा ‘नॉट’ हे त्याचेच झिजलेले रूप. ‘न’ काढला की उरतो तो ‘काहीतरी’ या अर्थाचा ‘ऑट’, जसे आपले ‘काही’ आणि ‘काही नाही’. या ‘ऑट’चे स्पेलिंग बहुधा ए-यू-जी-एचने होते, पण जुन्या पुस्तकांत ओ-यूही दिसते आणि मग तो वरच्या कर्तव्यवाचक शब्दासारखा दिसून घोटाळा होतो. शब्दापुढे ‘टू’ आणि क्रियापद येत नसेल तर हा ‘काही’ असण्याची शक्यता अधिक.

‘रॉट’ या शब्दाने सुरुवातीला डब्ल्यू घेतलेला आहे. ‘वर्क’ या क्रियापदाचे हे जुने भूतकाळी रूप असून त्यात ‘र’ आणि स्वर यांनी जागा बदलल्या, जसे आपल्या बोलीत ‘नुकसान’चे ‘नुस्कान’ आणि ‘मतलब’चे ‘मतबल’ होते. ‘रॉट’ लोखंड म्हणजे घडीव लोखंड, ओतीव नव्हे. जुन्या वाड्यांच्या आणि बंगल्यांच्या जाळ्यांची वर्णने अनुवादित करताना हा भेद पाळावाच लागतो. ‘बिसॉट’ म्हणजे विनवले. ‘सीक’ या शोधण्याच्या क्रियापदाला उपसर्ग लागून तो झाला आहे. ‘बिथॉट’ म्हणजे आठवले, मनाशी आणले. हे दोन्ही अर्थ संदर्भातून कळतात, त्यामुळे त्यांवर अधिक वेळ घालवत नाही.

जे शब्द परिचित आहेत त्यांच्यातही जुने अर्थ दडलेले असतात. झाडाची फांदी या अर्थाचा ‘बाउ’ जुन्या इंग्रजीत खांदा आणि हात यांनाही लावला जाई, आणि संस्कृतातला ‘बाहु’ हा त्याचा सख्खा भाऊबंद आहे. कणकेचा ‘डो’ हा संस्कृत ‘दिह्’ म्हणजे लिंपणे या धातूच्या कुळातला. त्याच धातूपासून ‘देह’ आला. इंग्रजीतला ‘लेडी’ हा शब्द मुळात ‘पाव मळणारी’ असा होता आणि त्याच्या उत्तरार्धात हाच कुळधर्म आहे. ‘थ्रू’ आणि ‘थरा’ हे एकच शब्द होते. आपल्याकडे ‘धर्म’चे ‘धरम’ होते तसा मध्ये स्वर घुसून दुसरे रूप झाले. शेक्सपिअरच्या काळात ‘थरा’ हा ‘मधून, आरपार’ या अर्थाने सर्रास येतो, ‘कसून’ या अर्थाने नव्हे. रहदारीच्या रस्त्यासाठी असलेल्या ‘थराफेअर’मध्ये तो जुना अर्थ अजून आहे. मला स्वतःला या नात्यांचा आनंद वाटतो, पण वर्गात सांगताना एक पथ्य पाळावे : उच्चार सारखा दिसला म्हणून नाते जुळवू नये, कोशातली व्युत्पत्ती पाहूनच बोलावे.

काही शब्दांत ही अक्षरे मुळात नव्हतीच, नुसत्या साधर्म्याने आली. उचकीचा ‘हिकप’ आधी सरळ उच्चाराप्रमाणे लिहिला जाई. सतराव्या शतकात कोणाला तरी त्यात खोकल्याचा ‘कॉफ’ दिसला आणि तसे स्पेलिंग रूढ झाले. उच्चार मात्र बदलला नाही. ‘फर्लो’ हा डच भाषेतून आलेला, रजा या अर्थाचा लष्करी शब्द. डचमध्ये त्याच्या शेवटी ‘फ’ होता, इंग्रजीत तो जी-एचने लिहिला जाऊ लागला आणि पुढे ‘ओ’ म्हणून वाचला जाऊ लागला. हा शब्द मराठीत चांगलाच रुळला आहे. पूर्वी तो विलायतेला सुटीवर जाणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या संदर्भात येई. आता वर्तमानपत्रांत कैद्यांच्या संदर्भात येतो. महाराष्ट्रात कैद्याला मिळणाऱ्या फर्लोला संचित रजा म्हणतात आणि पॅरोलला अभिवचन रजा. या चार अक्षरांचा सर्वांत शहाणा निकाल आपणच लावला आहे असे मला वाटते, कारण देवनागरीत ‘फर्लो’ लिहिताना अक्षर वाया जात नाही.

अमेरिकेने तसा प्रयत्न केला होता. नांगराचे स्पेलिंग तेथे ओ-डब्ल्यूने होते. १९०६ मध्ये अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी सरकारी छापखान्याला ३०० शब्दांची सुधारित स्पेलिंगे वापरण्याचा आदेश दिला होता. ‘दो’, ‘थ्रू’ आणि ‘थरा’ यांतून यू-जी-एच अथवा जी-एच काढून टाकलेली रूपे त्यांत होती. लोकप्रतिनिधींनी त्याच वर्षी विरोध केला आणि आदेश मागे पडला. सुधारणेच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे, तरी जुने वाङ्मय वाचणारा म्हणून मी जुन्या स्पेलिंगच्या बाजूचा आहे. ‘बाउ’मधली जी-एच ही अक्षरे नसती तर त्याच्यापासून ‘बाहु’कडे जाणारी वाट मला दिसली नसती.

स्थलनामांना मात्र इतिहासही पुरा पडत नाही. लेस्टरशरमधल्या लफबरा या शहराच्या नावात ही चार अक्षरे दोनदा येतात आणि एकाच शब्दात दोनदा वेगळी वाचली जातात, आधी ‘अफ’ आणि मग ओझरता ‘अ’. तेथील विद्यापीठात शिकायला जाणाऱ्या आपल्या मुलांना पहिल्याच आठवड्यात हे कळते. गावाचे किंवा माणसाचे नाव असेल तर तेथल्या माणसाचा उच्चार प्रमाण मानावा आणि देवनागरीत तोच लिहावा.

राहिला आपला ‘पाइनच्या झाडांमधला वाऱ्याचा सफ’. कोशात त्याला सळसळ असा प्रतिशब्द मिळेल, पण सळसळ पिंपळाच्या रुंद पानांची असते. पाने एकमेकांवर आपटल्याचा आवाज त्यात आहे. पाइनच्या पानांच्या सुया असतात, त्यांतून वारा चिरत जातो आणि आवाज लांब, सलग, चढता-उतरता येतो. कोकण किनाऱ्यावर सुरूच्या बनात दुपारी बसलेल्या कोणालाही तो परिचित आहे, कारण सुरूची पानेही सुईसारखी बारीक दिसतात आणि वाऱ्याला तसाच आवाज देतात. ‘घोंघावणे’ वादळाला शोभते, येथे ते जड होईल. वर्णन शांत संध्याकाळचे असेल तर मी ‘पाइनच्या झाडांतून वाऱ्याचे सुस्कारे ऐकू येत होते’ असे लिहीन, आणि वारा जोराचा असेल तर ‘पाइनच्या बनात वारा घुमत होता’. आपल्या उताऱ्यात पुढच्याच ओळीत रात्र पडते आहे, असे आपण कळवले आहे; म्हणून तेथे ‘सुस्कारे’ घ्यावा.